खरखर लिही

"पण सर, माझं चुकीचं उत्तर कंट्रोलरच्याही कानावर पडलं होतं. त्यानेही ते दुरुस्त केलं नाही. मग चूक माझी एकटीची कशी?"

मुकादम सर दुर्बिणीची काच रुमालाने पुसत होते. हात थांबला नाही.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं, असं रेवतीला वाटलं. तिने आवाज चढवून तेच पुन्हा सांगितलं.

"पुन्हा सांग."

तिसऱ्यांदा ती एकेक शब्द सुटा करून बोलली. बोलण्यात वैताग होता.

सरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि रिकाम्या धावपट्टीकडे बघितलं.

"उद्या सकाळी सातला ये," ते म्हणाले. "वही आण. पेन्सिल आण. पेन नको."

रेवती खोब्रागडे एका प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक होती. वय एकोणतीस. चार वर्षं नोकरी झाली होती. रेडिओवर तिच्यासारखं सफाईने बोलणारं कुणी नाही, असं कंपनीत सगळेच म्हणत. इंग्रजी झरझर, कुठे अडखळणं नाही, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हिचं उत्तर तयार.

महिन्यापूर्वी एका मोठ्या शहराजवळ तिचं विमान खाली येत होतं. जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्या कंट्रोलरने अकरा हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. रेवतीने उत्तरात दहा हजार म्हटलं.

वैमानिकाने मिळालेला हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि कंट्रोलरने तो कान देऊन ऐकायचा, अशी आकाशातली रीत आहे. त्याला रीडबॅक म्हणतात. एकाचा कान चुकला तर दुसऱ्याने सावरून घ्यावं, यासाठी ती आहे. त्या दिवशी कंट्रोलर एकाच वेळी अकरा विमानं सांभाळत होता. त्याने 'दहा' ऐकलं आणि त्याला 'अकरा'च वाटलं.

दहा हजारांवर दुसरं विमान होतं.

कॉकपिटमधला धोक्याचा आवाज वाजला. शेजारी बसलेल्या कॅप्टन केळुसकरांनी विमान वर घेतलं. दोन्ही विमानं एकमेकांना चुकवून निघून गेली. दोघाचौघा प्रवाशांचा चहा सांडला, एवढंच. खाली उतरल्यावर एका आजींनी दारात रेवतीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, छान आणलंत हो आम्हाला.

तो हात रेवतीला अजून जाणवत होता.

चौकशी झाली. कंपनीने तिला सहा आठवडे घरी बसवलं आणि रेडिओचं काम पक्कं करून आल्याचं एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाचं पत्र आणायला सांगितलं.

"मुकादम सरांकडे जा," केळुसकर म्हणाले. "मीही त्यांच्याकडेच शिकलोय."

"काय शिकवतात ते?"



"ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण जा तू."

हनीफ मुकादम मूळचे रत्नागिरीकडचे. चौतीस वर्षं त्यांनी मोठ्या विमानतळाच्या टॉवरमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर ते सावळपूरच्या लहानशा फ्लाइंग स्कूलमध्ये आले आणि तिथेच राहिले. दक्षिणेला नदी, नदीवर एक पूल, पुलाच्या अलीकडे धावपट्टी. टॉवर म्हणजे दोन मजली इमारतीच्या गच्चीवरची काचेची खोली. आत एक रेडिओ, एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ.

सरांचं वय एकाहत्तर. आवाज हळू. बोलणं त्याहून कमी.

दुसऱ्या दिवशी रेवती सातला पाच कमी असताना हजर झाली.

"माईकला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "ऐकायचं. जे ऐकू येईल ते लिहायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिला ते अपमानाचं वाटलं. रेडिओवर बोलणारी सगळी शिकाऊ मंडळी होती. कुणी उडायची परवानगी मागत होतं, कुणी उतरायची. कुणी घाबरून आपल्याच विमानाचं नाव चुकत होतं. रेवती भराभर लिहीत गेली. संध्याकाळी तिने वही पुढे ठेवली. सहा पानं भरली होती, अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही.

टॉवरमधलं सगळं बोलणं रेकॉर्ड होत असे. सरांनी ते लावलं आणि वही समोर धरून ऐकत बसले. मधूनमधून ते पेन्सिलने एखाद्या शब्दाखाली बारीक रेघ ओढत.

चौदा रेघा झाल्या.

"ही वाक्यं चुकली का?" रेवतीने विचारलं.

"नाही. बहुतेक बरोबर आहेत."

"मग रेघा कसल्या?"

सरांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं आणि रेकॉर्डिंग तिथे नेलं. आवाज आला. एका विद्यार्थ्याने आपल्या विमानाचं नाव सांगितलं, मग खर्रर्र झालं, मग 'लँडिंग' एवढाच शब्द आला.

"तू इथे काय लिहिलंस?"

"रिक्वेस्ट फुल स्टॉप लँडिंग."

"'रिक्वेस्ट फुल स्टॉप' ऐकू आलं?"

"... नाही. पण तो तेच म्हणाला असणार. या वेळी सगळे उतरून थांबायचीच परवानगी मागतात."

"मग तुला काय ऐकू आलं?"

"खरखर."

"मग खरखर लिही."

रेवती हसली. सर हसले नाहीत. त्यांनी तिला नवं पान उघडून दिलं.

पुढचे दोन दिवस तिला फार जड गेले. हात आपोआप पुढे जाई. वाक्य अर्धं आलं की बाकीचं अर्धं मनात आधीच तयार असे, आणि ते ऐकलं की रचलं हे तिचं तिलाच कळत नसे. लिहिलेलं खोडावं लागे. पेन्सिल का, ते तिला तिथे कळलं.

चौथ्या दिवशीच्या वहीत खाडाखोडच खाडाखोड होती. नऊ ठिकाणी 'खरखर' असा शब्द होता. एका ठिकाणी 'दोघं एकदम बोलले, काहीच कळलं नाही' असं लिहिलं होतं.

सरांनी वही वाचली. लांबून आलेलं पत्र वाचावं तशी, सावकाश. मग मिटून तिच्या हातात दिली.

"आता जरा वाचण्यासारखी झालीय," ते म्हणाले.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी सर तिला त्या दिवसाची गोष्ट विचारत. अकरा हजार आणि दहा हजार. ती सांगे. सर म्हणत, पुन्हा सांग. ती मोठ्याने सांगे.

सहाव्या दिवशी तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर दोघं टॉवरमध्ये बसलेले असताना सर अचानक उठले आणि काच सरकवून बाहेर डोकावले.

"खाली कुणी नळ बंद करा रे," ते म्हणाले. "ठिबकतोय."

रेवतीला नळ ऐकूच आला नव्हता. दोन मजले खाली, इमारतीच्या मागे होता तो.

"सर... तुम्हाला व्यवस्थित ऐकू येतं?"

"येतं."

"मग मला रोज तीन-तीन वेळा का सांगायला लावता?"

"दर वेळी तू वेगळं सांगतेस."

"मी तेच सांगते."

"परवा म्हणालीस, कंट्रोलर घाईत बोलला. काल म्हणालीस, त्याचे उच्चार वाईट होते. आज म्हणालीस, त्याने ऐकलं नाही." सर परत खुर्चीत बसले. "त्याचं मला कळलं. तुला काय ऐकू आलं, ते अजून सांगितलं नाहीस."

रेवतीने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

धावपट्टीच्या कडेच्या गवतात टिटव्या फिरत होत्या. एक विमान उतरलं, वळलं, शेडकडे गेलं. इंजिन बंद झालं.

"थाउजंड," ती शेवटी म्हणाली. "फक्त थाउजंड ऐकू आलं. आधी खरखर होती."

सरांनी तिच्याकडे मान वळवली.

"त्या वळणावर रोज दहाच सांगतात, सर. मी दहा म्हणाले."

"आणि ऐकू आलं नाही तेव्हा काय म्हणायचं असतं?"

"से अगेन."

पुन्हा सांगा, एवढाच त्याचा अर्थ. जगातल्या प्रत्येक वैमानिकाला पहिल्या आठवड्यात शिकवलेले दोन शब्द.

"शेवटचं कधी म्हणालीस?"

रेवतीने खिडकीबाहेर बघितलं.

"सात वर्षांपूर्वी."

मग तिने जे सांगितलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. वडील वीज मंडळात लाइनमन. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी. शिष्यवृत्ती आणि कर्ज यांवर ती दूरच्या राज्यात विमान शिकायला गेली. पहिल्यांदा एकटी उडाली त्या दिवशी टॉवरवरचा माणूस भरभर बोलला आणि तिला समजलं नाही. ती से अगेन म्हणाली. पुन्हा समजलं नाही. पुन्हा म्हणाली. तिसऱ्या वेळी रेडिओवर कुणीतरी हसलं. दुसऱ्या विमानातलं कुणीतरी. मग आणखी एक जण हसला. कुणीतरी म्हणालं, तिला मातृभाषेतून सांगा.

"उतरल्यावर सगळ्या कँटीनला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मी रोज रात्री जेवण झालं की आरशासमोर उभी राहून इंग्रजी बोलायचे. दोन वर्षं. पुन्हा कधी कुणाला हसू दिलं नाही."

"आणि त्या दिवशी? विमान नीट उतरलं होतं?"

"माझं? हो. एकदम नीट."

"तीन वेळा विचारलंस म्हणून?"

हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता.

चहा आलेला होता. सरांनी आपल्या कपातला अर्धा तिच्या कपात ओतला. तिच्या कपात आधीच चहा होता. तो बशीत सांडला. सरांनी बशीही तिच्याकडे सरकवली.

अकराव्या दिवशी दुपारी हवा बिघडली.

एप्रिल महिना होता. पश्चिमेकडून वारा सुटला आणि नांगरलेल्या रानांतली धूळ वर चढली. चार वाजता टॉवरमधून नदी दिसेनाशी झाली, मग पूल दिसेनासा झाला. बाहेर असलेली विमानं एकामागून एक परत आली. एकच राहिलं.

त्यात फुलसिंग पावरा होता. नंदुरबारकडचा, वय सत्तावीस. आधी एका कारखान्यात फिटर होता. साठवलेल्या पैशांवर विमान शिकायला आला होता आणि आज पहिल्यांदा एकटाच दूरच्या गावावरून फेरी मारून परत येत होता.

विद्यार्थी गच्चीवर जमले. दोघंतिघं टॉवरच्या दाराशी येऊन उभे राहिले. प्रवासी विमान चालवणाऱ्या रेवती मॅडमकडे ते एरवीही चोरून बघत असत.

सरांनी माईक उचलला. मग तो रेवतीच्या हातात दिला.

"मी?" ती म्हणाली.

सर खुर्चीवरून उठले आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

रेडिओ खरखरला. फुलसिंगचा आवाज आला. बारीक, तुटक.

"सावळपूर टॉवर... रिव्हर ऑन माय लेफ्ट... फील्ड..." मग खरखर. मग, "... इन साइट."

दाराशी उभ्या असलेल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नदी डाव्या हाताला आहे, धावपट्टी दिसतेय. परत येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. रेवतीने गेल्या अकरा दिवसांत ते पन्नासदा लिहून घेतलं होतं. उतरायची परवानगी तिच्या ओठांवर आली. अंगठा माईकच्या बटणावर गेला.

फील्ड. खरखर. इन साइट.

तिचा अंगठा थांबला.

मागे मुलं उभी होती. मॅडमना एवढं साधं इंग्रजी कळलं नाही, असं त्यांना वाटणार होतं. कानशिलं तापली. सात वर्षांपूर्वी तापली होती तशीच.

तिने बटण दाबलं.

"से अगेन," ती म्हणाली.

"... रिव्हर... लेफ्ट... फील्ड..." पुन्हा खरखर.

"से अगेन."

दारातून कुणीतरी हळूच म्हणालं, "फील्ड दिसतंय म्हणतोय, मॅडम."

रेवतीने मान हलवली. "मला नाही ऐकू आलं," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि पुन्हा बटण दाबलं.

"फुलसिंग, मी टॉवरमधून रेवती बोलतेय. तुमचं बोलणं तुटतंय. मराठीत सांगा. सावकाश. घाई नाही. धावपट्टी दिसते का?"

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आवाज आला. या वेळी त्यात शिकवलेलं काही नव्हतं. घाबरलेल्या माणसाचा साधा आवाज होता तो.

"नाही दिसत, मॅडम. मी दोनदा सांगितलं, नाही दिसत."

फील्ड नॉट इन साइट. 'नॉट' तेवढा खरखरीने खाल्ला होता.



"बरं केलंत सांगितलंत," रेवती म्हणाली. "आता खाली काय दिसतंय ते सांगा. जे दिसेल ते."

"नदी... डावीकडे. पूल. दोन पूल आहेत. एकावरून... मालगाडी चाललीय."

रेवतीने नकाशा ओढला. सावळपूरला एकच पूल, तोही रस्त्याचा. रेल्वेचा पूल तीस किलोमीटर पश्चिमेला. धुळीत फुलसिंग धावपट्टीच्या डोक्यावरूनच पुढे निघून गेला होता आणि दर मिनिटाला आणखी दूर चालला होता. त्याला उतरायची परवानगी दिली असती, तर कधी ना कधी धावपट्टी दिसेल म्हणून तो तसाच पुढे जात राहिला असता.

"पेट्रोल किती आहे?"

"चाळीस मिनिटांचं."

"भरपूर आहे. तुम्ही आमच्या पुढे गेलात. मागे वळा. शून्य आठ शून्य दिशा धरा, पूर्वेकडे. नदी आता उजव्या हाताला येईल. मी काय सांगितलं ते परत म्हणा."

"मागे वळतो... शून्य आठ..." आणि आवाज गेला. खरखरही गेली.

रेवती थांबली. पुन्हा बोलली. उत्तर नाही. आणखी एकदा बोलली.

तिने वळून सरांकडे बघितलं. सर भिंतीला टेकून तसेच उभे होते. डोळे मिटलेले. ते ऐकत होते. नसलेलं ऐकत होते.

तिने पुन्हा माईककडे तोंड केलं.

"फुलसिंग, तुमचा आवाज येत नाही. माझा येत असेल तर माईकचं बटण दोनदा दाबा. बोलू नका. नुसतं दाबा."

रेडिओत काही नाही.

मग खट्... खट्.

मागे कुणीतरी नाक ओढलं.

"छान. आता मी विचारेन. हो असेल तर दोनदा दाबा, नाही असेल तर एकदा. नाही असेल तरी बिलकुल चालेल. त्यातूनच मला कळणार आहे तुम्ही कुठे आहात. नदी उजव्या हाताला आली?"

खट्... खट्.

"दिशा शून्य आठ शून्य?"

खट्... खट्.

"सावळपूरचा पूल दिसतो?"

खट्.

"ठीक. यायला वेळ आहे अजून. तसेच या."

पुढची अकरा मिनिटं रेवती दर मिनिटाला काहीतरी बोलत राहिली. वारा कुठून आहे ते सांगितलं, धावपट्टीवर कुणी नाही ते सांगितलं. दर वेळी विचारलं, पूल दिसतो? दर वेळी एकच खटका आला. ती दर वेळी म्हणाली, ठीक, तसेच या. एकदाही तिच्या आवाजात घाई आली नाही. तिचं इंग्रजी जितकं झरझर होतं, तितकं हे मराठी संथ होतं, भंडाऱ्याकडच्या हेलाचं, आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, "पूल दिसतो?"

खट्.

तिने नकाशावर पुन्हा बोट फिरवलं. बोटाखालचं अंतर संपलं होतं.

मग न विचारताच रेडिओत आवाज झाला.

खट् खट्. खट् खट्. खट् खट्.

गच्चीवर मुलं कठड्याकडे धावली. धुळीच्या भिंतीतून आधी दिवा आला, मग पंख, मग सगळं विमान. ते थोडं तिरकं उतरलं, एकदा उसळलं, दुसऱ्यांदा टेकलं आणि पळत पळत थांबलं.

रेवतीने माईक टेबलावर ठेवला.

फुलसिंग वर आला तेव्हा त्याच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. त्याने आधी सरांना नमस्कार केला. मग रेवतीसमोर उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नसतं, तर मी पुन्हा सांगितलं नसतं. दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटत होती."

"मला माहीत आहे," रेवती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला पत्र दिलं. बंद पाकीट होतं. कंपनीतल्या साहेबांनी ते उघडलं, वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली. आत एकच ओळ होती. 'श्रीमती रेवती खोब्रागडे यांना ऐकू येत नाही, तेव्हा त्या तसं सांगतात.'

साहेबांनी केळुसकरांना बोलावून विचारलं, हे पत्र धरायचं का? केळुसकरांनी ते वाचलं. म्हणाले, माझ्या पत्रातही हेच होतं.

रेवती कामावर रुजू झाली. पहिल्याच उड्डाणात ती दोनदा से अगेन म्हणाली. दुसऱ्या वेळी कंट्रोलरने स्वतःचा आकडा तपासला आणि बदलून सांगितला. त्यानेच चूक केली होती. पुढे नवे सहवैमानिक तिच्याजवळ तिच्यासारखं बोलायला शिकायला येत. ती त्यांना वही आणि पेन्सिल देत असे.

चार महिन्यांनी सुट्टी काढून ती सावळपूरला गेली. सरांसाठी नागपूरची संत्रा बर्फी नेली. नदीला पाणी आलं होतं. सकाळची स्वच्छ हवा होती आणि टॉवरमधून पुलावरची बैलगाडीसुद्धा दिसत होती. फुलसिंगला परवाना मिळाला होता. त्याची बातमी सांगताना सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसलं.

दोघांनी चहा घेतला. एक विमान उडून गेलं.

"सर," रेवती म्हणाली, "एक विचारायचं राहिलं होतं."

"विचार."

"त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं? ते 'नॉट'?"

"नाही."

"मी विचारेन याची खात्री होती?"

"नव्हती."

"मी त्याला उतरायची परवानगी दिली असती तर?"

"तर मी माईक काढून घेतला असता."

"मग दिलात कशाला? तो जिवाचा प्रश्न होता. तुम्ही चौतीस वर्षं हेच केलंत. तुम्हीच का नाही बोललात?"

सरांनी दुर्बीण उचलली आणि ते काच रुमालाने पुसू लागले.

"मी विचारलं असतं," ते म्हणाले, "तर न दिसताही तो 'हो सर' म्हणाला असता."